पाच जणांची बाटली

वडगाव रासाई
१८ फेब्रुवारी

ईश्वर,

वर आशीर्वाद लिहू का नको, यातच अर्धा तास गेला. सात वर्सांमागं तुझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आले, तवा बिल्डिंगीच्या गेटात मीच म्हणले व्हते की माझा भाऊ मेला. मेलेल्याला कुणी आशीर्वाद लिहीत न्हाई. पण आता गरज माझी हाय. तवा तू जित्ता हायेस असं धरून लिहिते. आशीर्वाद.

रविराजनं चार डाव फोन लावला, तू उचलला न्हाईस. म्हणून हा कागूद. मला लिहायला तूच शिकवलंस, कुरणात, काठीनं मातीवर. तू शाळंतनं येऊन गिरवायचास आन् मी मेंढरं वळता वळता बघायचे. अक्षर अजून तसलंच हाय, पांगलेलं. रविराज ह्याचा फोटू काढून तुझ्या व्हॉट्सअपवर टाकणार हाय. कागदावर लिहिलेलं तू वाचतोस, तुझं कामच ते, असं मी त्येला सांगितलं.

आता ऐक. बाराच मेंढरं राहिलीत आपल्याकडं, बाकी समदा ऊस आन् कांदा. त्यातली ठिपकी म्हणून एक व्हती. महिन्यामागं एका फिरस्त्या कुत्र्यानं तिच्या तोंडाला धरलं. आम्ही हळद भरली आन् इसरून गेलो. परवाच्या शनिवारी ती मान ताणून उभी, तोंडातनं लाळ, पाणी दावलं तर गिळंना. मला वाटलं बाभळीची शेंग अडकली घशात. आपल्यात दुसरं काय वाटंल कुणाला? आबांनी हात घालून शेंग काढलेली तू न् मी किती डाव बघितली.

मी पूनमला म्हणले, घाल हात. पूनम म्हंजी माझी सून, रविराजची बायको. तू तिला बघितलं न्हाईस. दौंडची हाय, बाप रेल्वेत, लग्नाआधी मेंढराला हात लावलेला न्हाई. ती म्हणाली, आत्या, डॉक्टरला बोलवू. मी हासले. वरच्या अंगाला पुढं दातच नसत्यात तिला, काय खाती का तुला, म्हणले. धनगराची सून आन् मेंढराच्या तोंडाला भिती? आजूबाजूला दोन-चार बाया व्हत्या, त्याही हासल्या. तवा पोरीनं मनगटापत्तर हात घातला. मागल्या दाढा लागून बोटं खरचटली, रगात आलं. आत काहीच नव्हतं.

रविवारी दिवस मावळायला ठिपकी मेली. सोमवारी जनावरांचा डॉक्टर आला, त्येनं समदं इचारलं आन् त्याचं तोंड उतरलं. कुणी हात घातला, म्हणाला. मी म्हणले, सुनेनं. त्येनं तिथल्या तिथं आम्हाला सरकारी दवाखान्यात पिटाळलं.

तिथली डॉक्टरीणबाई चांगली हाय, लेकीच्या वयाची. तिनं फोड करून सांगितलं की चावलंच पाहिजे असं न्हाई, लाळ जखमेला लागली तरी तेवढंच वाईट. लस पाहिजे आन् जखमेत भरायला सीरम बी पाहिजे. आन् हा रोग एकदा दिसाय लागला की दुनियेत त्यावर औषध न्हाई. हे ती पूनमच्या तोंडावर बोलली. मग म्हणाली, लशीची एकच बाटली हाय, ती कुत्रं चावलेल्यांसाठी धरून ठेवलीया. सीरम दिवाळीपास्नं आलंच न्हाई. औषधवाल्याची बिलं थकली, वरून निधी सुटत न्हाई.

मी इचारलं, निधी सोडतं कोण? ती म्हणाली, मुंबईत, जिथं सरकारचं बजेट बनतं तिथनं सुटतो. मी म्हणले, तिथं माझा भाऊ बसतो. सात वर्सांत पहिल्यांदा माझ्या तोंडातनं भाऊ निघालं.

मेडिकल बी हिंडलो. शिरूरात दुकानदार म्हणाला, सरकारी दवाखान्यात न्हाई म्हणून समदा तालुका माझ्याकडं आला, दोन दिसांत फ्रीज रिकामा झाला.

पूनमला आठ महिन्यांची लेक हाय, म्हाळसा. बानू आन् म्हाळसा एका घरात कशा नांदणार म्हणून गाव आम्हाला चिडवतं. सोमवारपास्नं पूनमनं तिला पदराखाली घेतलं न्हाई. दुधातनं काही जात न्हाई असं डॉक्टरीणबाईनं दोनदा सांगितलं, पण ती ऐकंना. पोर रडून रडून निळी पडती आन् आई भिंतीकडं तोंड करून बसती. हे मी केलंय, ईश्वर. माझ्यावरचा राग माझ्यावरच काढ, त्या पोरीवर नको. लस आन् सीरम दोन्ही मिळवून दे.

बानूअक्का


१९ फेब्रुवारी

ईश्वर,

कागदाखाली दोन निळ्या रेघा आल्यात, म्हंजी तू वाचलंस. रविराजनं मला समजावून सांगितलं. उत्तर न्हाई. बरं.

आज पूनमला पहिली सुई मिळाली. कशी मिळाली ते ऐक, म्हंजी तुझ्या कचेरीतनं निघालेला निधी खाली कसा पोचतो ते तुला कळंल. लशीची एक बाटली पाच जणांना पुरती. एकदा फोडली की सांजच्यापत्तर संपवायची, न्हाईतर फुकट. म्हणून पाच जण जमल्याबिगर फोडत न्हाईत. मागं बाटल्या भरपूर व्हत्या तवा एकासाठी बी फोडायचे म्हणं. आता माणसं गोळा करायची.

सकाळी आठला जाऊन बसलो. तिथल्या सिस्टरबाई तुळजाबाई, मोठ्या तोंडाची बाई, पण मायाळू. तिनं पूनमचं बोट बघितलं, डॉक्टरीणबाईशी कुजबुजली आन् नाव लिहून घेतलं. एक उसतोडीचा माणूस व्हता, पिंडरी फाडलेला. एक म्हातारा, एक कंपनीतला बिहारी गडी, त्येला मराठी येत न्हाई, तो आपला ‘कब होगा, माताजी’ एवढंच मला इचारत राहिला. पूनम चौथी. पाचवं कुणी येईना. दुपारचा एक वाजला. कुणाला तरी कुत्रं चावावं म्हणून देवाला हात जोडायची येळ आली बघ, ईश्वर. मी जोडले बी. दोन वाजता एक बाई आली, हात बांधलेला. मला इतका आनंद झाला की मी उठून तिला बसायला जागा दिली.

तुळजाबाईनं मला सांगितलं, आज्जी, तुम्ही मोजा, मी सुया भरते. मी मोजले. पाच भरले. बाटली फोडली.

गावात ती दुसरी बाटली कुठं बी मिळती, सकाळी सातला मिळती, तिच्यावरचा कर तुमच्या तिजोरीत पडतो. ही बाटली मात्र तालुका पालथा घातला तरी न्हाई. त्या करातनं ही बाटली येत न्हाई का? मी अडाणी हाय म्हणून इचारते.

अजून दोन सुया ह्या आठवड्यात, बावीसला आन् सव्वीसला, आन् शेवटची महिन्यानं. सीरम मात्र सव्वीस तारखेच्या आत पाहिजे. त्यानंतर देऊन उपेग न्हाई. हा आकडा तुझ्या टेबलावर लिहून ठेव.

रविराज कंपनीत कंत्राटावर हाय, दोन खाडे झाले. सुपरवायझरनं तिसऱ्याला येऊ नको म्हणून सांगितलंय. तो ह्यातलं तुला काही सांगणार न्हाई, तो बापासारखा मुका हाय. तुझे दाजी दिसभर ठिपकीला पुरलेल्या जागेवर दगडं रचत बसत्यात.

अक्का


२३ फेब्रुवारी

ईश्वर,

तुझं उत्तर आलं. टाइप केलेलं, अडीच पानं. रविराजनं वाचून दावलं, मग मी सोता वाचलं, मग डॉक्टरीणबाईला वाचायला दिलं. ती खुर्चीत मागं रेलली आन् म्हणाली, तुमच्या भावानं खरं लिहिलंय.

मला कळलं ते असं. सरकारला जेवढं येईल म्हणून धरलं तेवढं आलं न्हाई. काही मोठ्या उद्योगांना कर माफ केला, कारण ते दुसऱ्या राज्यात जातो म्हणाले. पगार, पेन्शन आन् व्याज ह्यांना हात लावता येत न्हाई. निवडणुकीत कबूल केलेलं आधी द्यावं लागतं. मग जे उरलं, त्यावर समद्या खात्यांना सरसकट कपात. औषधांसाठी शंभर छापलेत, खर्चायला साठच दिले. आन् तू लिहिलंस, ‘अक्का, ती सरसकट कपातीची टिपणी माझ्याच हातची आहे. सही वरच्यांची, पण शब्द माझे. कुणावर अन्याय नको म्हणून सरसकट.’

हे लिहायला छातीच पाहिजे. कुणी सांगितलं नसतं तुला. मी तुला नावं ठेवायच्या आधी हे म्हणून ठेवते.

पण ईश्वर, सरसकट? तू कुणाचा लेक? दुष्काळाच्या साली आपण नदीच्या पात्रात तळ टाकला व्हता, तुला आठवतंय, तू सातवीत व्हतास. सुबाभळीचा पाला रोजचा दोन भारे, शंभरावर मेंढरं. आबांनी सरसकट वाटला का? गाभण मेंढ्या आधी. मग ज्यांच्या अंगावर कोकरू हाय त्या. मग कोकरं. शिंगाळ्या नराला शेवटी, राहिला तर. तो नर ढुशा द्यायचा, सगळ्यात जास्त वरडायचा, तरी आबा त्येला काठीनं मागं सारायचे. तू इचारलं व्हतंस, आबा, त्येला बी भूक हाय की. आबा म्हणाले, त्येच्यात चार दीस निघायची ताकद हाय, हिच्यात न्हाई. तवा त्या साली आपली सातच मेंढरं मेली, शेजारच्या तळावर निम्मी. त्येंनी सरसकट वाटला व्हता.

आन् तुमच्या त्या कर माफीचं. गावच्या बड्याच्या मेंढ्याला चराई माफ केली तर तो कुणाच्या वाटचं खातो, हे तुला मी सांगावं व्हय? एवढी पुस्तकं वाचलीस.

मी भांडायला लिहीत न्हाई. काल बावीस तारीख व्हती, दुसऱ्या सुईची. इथं बाटली न्हाई म्हणाले. रविराज कामावर, म्हणून मी आन् पूनम पोरीला काखंत मारून नदीपल्याड दौंडच्या अंगाला गेलो. दोन दवाखाने न्हाई म्हणाले. तिसऱ्यात व्हती, पण तीनच माणसं. पुन्हा वाट बघणं. पूनमचा बाप तिथंच राहतो, त्येनं रेल्वेच्या कॉलनीत फिरून दोघं जण हुडकून आणले, परवाच कुत्रं चावलेले, सुई चुकवून घरी बसलेले. त्येंना रिक्षात घालून आणलं. असे पाच झाले.

बसल्या जागी पूनम मला म्हणाली, आत्या, मला काय झालं तर म्हाळसाला माझ्या आईकडं ठेवा. रागानं न्हाई म्हणाली, साधं म्हणाली. मी तिच्या अंगावर खेकसले, गप ग, म्हणले. मग मुतारीत जाऊन रडले.

पोरीला मी वाटी-चमच्यानं दूध पाजते. हाताला फडकं बांधून पाजते. हात भेगाळलेत, तिला टोचतील म्हणून.

तीन दीस राहिलेत. सीरम.

अक्का


२७ फेब्रुवारी

ईश्वर,

काल सकाळी सहाला तू शिरूरच्या ष्ट्यांडावर उतरलास. बर्फाचा डबा रविराजच्या हातात दिलास आन् लगोलग मागल्या गाडीनं परत गेलास. रविराज म्हणाला, मामा लई वाळलाय, डोळं लाल व्हते, बजेटचं काम रातध्याड चाललंय म्हणं. पुण्यात कुण्या डॉक्टरच्या पाया पडून आणलंस, हे बी त्येनंच सांगितलं. तू सांगितलं नसतंस.

दोन बाटल्या. पूनमच्या वजनाला बरोब्बर दोनच लागल्या. डॉक्टरीणबाईनं सोता बोटांत भरलं, एकेका ओरखड्यात. पूनमनं दात आवळून धरले, वरडली न्हाई. त्याच दिशी तिसरी सुई बी झाली, पहिल्या दिशीचे चौघं आन् ती, तेच पाच. बाटली आदल्या सांजंला कुठनंशी आली व्हती.

घरी आल्यावर तिनं हात धुतले, पोरीला उचललं आन् पदराखाली घेतलं. दहा दिसांनी. म्हाळसेनं आधी तोंड फिरवलं, रुसली व्हती. मग लागली. दाजी दाराशी बसले व्हते, उठून गोठ्याकडं गेले. त्येंना पुरुषासारखं रडायला बी येत न्हाई.

तू घरी का आला न्हाईस? ष्ट्यांडापास्नं वडगाव काही लांब न्हाई. मी भाकरी थापून ठेवल्या व्हत्या, मेथीची भाजी, लसणाचं तिखट. रविराज म्हणाला, मामानं इचारलं, अक्काची बोटं अजून आखडतात का? माझे पिठाचे हात परातीतच राहिले. लहानपणी थंडीत माझी बोटं आखडली की तू फुंकर घालायचास.

तुझ्या दारात म्या लोकांदेखत तमाशा केला, ईश्वर. तुझ्या बायकोनं मी आणलेलं घोंगडं वॉचमनच्या खोलीत ठेवायला लावलं, वास येतो म्हणून. आबांच्या हातची लोकर व्हती त्यात. पण तू तवा गप बसलास ते मला लागलं, घोंगड्याचं न्हाई. आज म्हणते, गप बसणाऱ्याला बी काही कारण असंल. घोंगडं माझ्याकडं हाय. डांबराच्या गोळ्या घालून ठेवलंय.

रातच्याला तुझा मेसेज आला, ‘अक्का, त्या दिवशी तू तर हात नाही ना घातलास?’ मी रविराजला लिहायला लावलं, न्हाई.

सुखी ऱ्हा. आशीर्वाद. ह्या डावाला अडखळले न्हाई लिहायला.

अक्का


१९ मार्च

ईश्वर,

आज पूनमची शेवटची सुई झाली. डॉक्टरीणबाई म्हणाली, आता भ्यायचं कारण न्हाई. पूनम दवाखान्याच्या पायरीवर हासली, मला घासलेल्या वाटीवाणी लख्ख दिसली ती. हे आधी लिहिलं, कारण पुढचं वाचून तू हे इसरशील.

मी खोटं बोलले. पहिल्यापास्नं.

ठिपकीच्या तोंडात पहिला हात माझा गेला. पूनम आन् त्या बाया यायच्या आधी, कुणी बघायला नव्हतं तवा. माझी बोटं आखडलेली, घशापत्तर पोचंनात, म्हणून मी तिला म्हणले, तुझा हात बारीक हाय, तू घाल. माझ्या बी दोन बोटांना दाढा लागल्या व्हत्या. जनावरांच्या डॉक्टरनं इचारलं कुणी हात घातला, तवा मी सुनेचं नाव घेतलं आन् हात पदरात घातला.

आता तू म्हणशील, अक्का मोठी देवी झाली, सुनेसाठी त्याग केला. तसलं काही न्हाई. तसं कुणी म्हणालं तर त्येच्या तोंडावर सांग. मला भ्या वाटत व्हतं. दोनपत्तर चारच व्हते, तवा बी बोलले न्हाई, न चावलेल्या दोघी बघून पूनमचंच नाव कटंल म्हणून; मग ती बाई आली, आन् सहा जणांना पाचाची बाटली, सहावं माझं नाव लिहिलं तर कुणाला तरी काढणार. कुणाला, ते मला ठावं व्हतं. चावल्याची खूण नसलेली एकच व्हती त्या बाकावर, पूनम. डॉक्टरीणबाईनं तिला आधीच नियम मोडून घेतलं व्हतं. तुळजाबाई म्हणाली, आज्जी मोजा, तवा मी मोजलं. मेंढरं मोजणारा सोताला मोजत न्हाई, आबा काठीनं मोजायचे तसं मोजलं, आन् पाच भरले. मला वाटलं, दोन दिसांत माल येईल, मग गुपचूप घेऊन टाकीन. दोन दीस, चार दीस, आठ दीस. पुण्याला जायचं तर घरी सांगावं लागतं, घरी सांगायचं तर पूनमला कळतं की सासूनं सोता हात घातल्यावर बी तिला घालायला लावला. त्या तोंडानं मी तिच्यापुढं उभी ऱ्हाणार कशी? हे समदं खरं हाय. जगायची हाव बी खरी हाय.

त्या मेसेजला मी ‘न्हाई’ असं लिहायला लावलं, कारण तुझ्या दोन बाटल्या पूनमच्या वजनाच्या व्हत्या. तू घरी आला असतास तर मी हात दावला असता. रविराजच्या मोबाईलवर दावता आला न्हाई.

चार दिसांपास्नं उजव्या हाताची दोन बोटं मुंग्या आल्यावाणी करत्यात. कांदा काढणी चाललीया, दिसभर खुरपं हातात, तेनं असंल. थंडीनं आखडायची तीच बोटं हायेत, तेनं बी असंल. काल डॉक्टरीणबाईला सांगितलं. तिनं माझा हात उजेडात धरला. खूण कधीच बुजलीया. तिनं मला रागं भरलं न्हाई, नुसतं म्हणाली, ‘आजी, एवढे दिवस?’ मग माझ्यासमोर तीन ठिकाणी फोन लावले. तिन्हीकडं एकच उत्तर, नवीन नावं एक एप्रिलनंतर, नव्या सालाचा निधी सुटला की. आज बी बाटली फुटली, पण ती शेवटच्या सुईवाल्या पाचांची, मोजून. ती म्हणाली, बोटांचं हे काढणीच्या कामानं असंल तर लस आजबी उपेगाची हाय, लवकर पाहिजे. दुसरं काय असंल तर, असं म्हणून ती थांबली. तिला पुढं बोलायला मी लावलं न्हाई.

तुमचं बजेट मी टीव्हीवर बघितलं. दोन तास बसले पंचायतीच्या बाकावर. रस्ते आले, पूल आले, कसलं तरी स्मारक आलं, कुणाला तरी पुन्हा माफी आली, टाळ्या वाजल्या. औषध हा शब्द एकदा आला, लई भराभर. दाजी म्हणाले, काय बघतीस एवढं? मी म्हणले, माझ्या भावाचं अक्षर हुडकते.

आता कागदाचं काम सांगते. मी गेल्या आठ दिसांत दवाखान्याच्या दाराशी बसून माणसं गोळा केली, लस न्हाई म्हणून परत लावलेली. केंदूरची एक पोरगी, कॉलेजातनं येताना कुत्र्यानं ओरबाडलेली. एक हौसराव म्हणून म्हातारा, मेंढपाळच हाय, त्येनं बी तसल्याच मेंढराच्या तोंडात हात घातला. एक विटभट्टीवरची बाई. एक टेम्पोवाला. त्येंचे नंबर मी ह्याच्या खाली लिहिलेत. चार झाले, आन् पाचवी मी. ह्या डावाला मी मला धरून मोजलंय, ईश्वर.

एक बाटली पाठव. आबांची काठी आठव आन् पाठव. सरसकट वाटणीची वाट बघत बसले तर एक एप्रिल येईल, आन् एक एप्रिलला तेरा दीस हायेत. बाटली जमली न्हाई तर नुसता ये. घोंगडं उन्हात टाकलंय. येशील तवा तेच अंथरीन, वास आला तर सांग.

अजून घरात कुणाला ठावं न्हाई. हा कागूद मी पहिल्यांदा रविराजला न देता, पोस्टातल्या पोरीकडनं तुझ्या नंबरवर फोटू टाकून घेतेय, नंबर तुझ्या त्या अडीच पानांवर व्हता.

जनावरांचा डॉक्टर बोलता बोलता म्हणाला व्हता की ह्या रोगात पहिलं पाणी जात न्हाई. तवापास्नं रोज सकाळी, समदे उठायच्या आधी, मी चुलीपाशी बसून तांब्याभर पाणी पिते. पहिला घोट तोंडात धरते, आबांचं नाव घेते, मग गिळते.

आज गेलं.

बानूअक्का